करुणेचे गुण

उज्वला ओव्हाळ खालापूरजवळच्या एका खासगी विद्यापीठात गेम डिझाइन शिकवायची. कुंभिवली सोडून थोडं पुढं गेलं की कारखान्यांच्या पत्र्यांमागं विद्यापीठाची काचेची इमारत दिसते. तिच्या तळमजल्यावर उज्वलाची प्रयोगशाळा होती. काळ्या पडद्यांची खोली, छताला कॅमेरे आणि कपाटात ओळीनं ठेवलेले व्हीआर हेडसेट. हेडसेट डोक्याला बांधला की समोर दुसरंच जग उभं राहतं, आणि मान वळवू तिकडं ते जग दिसतं. त्या जगात गेल्यावर काहींना मळमळतं. ते का, या विषयावर तिनं पीएचडी केली होती. त्या वर्षांत प्रयोगाला बसलेल्या पोरांच्या उलट्या तिनं स्वतः फरशीवरून पुसल्या होत्या, घामानं भिजलेले हेडसेटचे स्पंज धुतले होते. तिला त्याची कधी घाण वाटली नाही. माणसाच्या शरीराचं काम आहे ते, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची.

तिचं घर पळसदरीला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मुलगी काय शिकवते हे शेजाऱ्यांना सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. "कॉम्प्युटरवरचे खेळ कसे बनवायचे ते शिकवते," ते म्हणायचे. मग समोरचा हमखास विचारायचा, "खेळ पण शिकवायला लागतो?"

नोकरीच्या चौथ्या वर्षी उज्वलानं 'विहीर' नावाचा एक अनुभव बनवला. त्याला खेळ म्हणावं की नाही, यावर विभागात वाद झाला होता. त्याचं मूळ होतं कोंडाण्याची येसूबाई, उज्वलाच्या वडिलांची आत्या. घरात सगळे तिला येसूआत्याच म्हणायचे. ऐंशी ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, पण बोलायला खणखणीत. तिच्या लहानपणी वाडीतल्या बायांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. काठापासून लांब उभं राहायचं आणि वरच्या आळीतली कुणी बाई दया येऊन पोहऱ्यानं कळशीत पाणी ओतेल, तोवर थांबायचं. धर्मांतर झालं तरी पुढं कितीतरी दिवस ते तसंच चाललं.

आत्याच्या ओटीवर बसून उज्वलानं हे सगळं रेकॉर्ड केलं. मग विचारलं, "तुझी आई पाणी कसं मागायची गं?"

आत्या जरा सावरून बसली. मग पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच, बारीक आवाजात म्हणाली, "माय, पानी घाला ना. कवाची उभी हाय."

मान वर करून पदर मागं सारला. "बास. परत नाय म्हननार."

"परत लागणार पण नाही," उज्वला म्हणाली. "आणि तुला कधीही नको वाटलं तर सांग. काढून टाकीन."

"लोक हसनार नाय ना?"

"नाही, आत्या."

उज्वलानं बनवलेला अनुभव अगदी साधा होता. हेडसेट घातला की तुम्ही परकरी पोरीच्या उंचीचे होता. शेजारी आई, हातात रिकामी कळशी. तुम्ही इकडंतिकडं बघू शकता, पण हात काही करू शकत नाहीत. बाया येतात, पाणी काढतात, आपसात बोलतात, जातात. आईचा आवाज एकदाच येतो. मग परत थांबणं. शेवटी कुणीतरी उंचावरून पाणी ओततं, त्यातलं निम्मं तुमच्या हातांवर सांडतं आणि अनुभव संपतो. गुण नाहीत, जिंकणं नाही.

विभागप्रमुख आणि तिचे पीएचडीचे मार्गदर्शक जगदीश सर यांनी तो घालून बघितला. मऊ बोलणारे, नेहमी इस्त्रीच्या सुती कुर्त्यात असणारे गृहस्थ. त्यांनी अर्ध्यातच हेडसेट काढला.

"सुंदर आहे. पण कंटाळा येतो गं. खेळाडूला काहीतरी करायला मिळालं पाहिजे."

"काहीच करता येत नाही, हेच तर दाखवायचंय सर."

"हो, हो. ते समजलं," ते म्हणाले आणि कपाळावरचा हेडसेटचा वळ रुमालानं चोळत राहिले.

'विहीर'वरचा तिचा निबंध परदेशातल्या मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला. पहिलं नाव तिचं, शेवटचं सरांचं. विद्यापीठानं फाटकावर तिच्या फोटोचा फलक लावला. सहयोगी प्राध्यापक पदासाठी तिचं नाव पुढं गेलं. त्याच सुमारास जगदीश सरांनी एक कंपनी आणली. कंपनीला आपल्या अधिकाऱ्यांसाठी सामाजिक भान वाढवणारं प्रशिक्षण हवं होतं. "तू परीक्षांच्या कामात आहेस, तुला त्रास नको," सर म्हणाले. "'विहीर'मध्ये किरकोळ बदल आहेत, रिझवान करेल." रिझवान प्रयोगशाळेचा प्रोग्रामर, खालापूरचाच. उज्वला तेव्हा खरोखरच उत्तरपत्रिकांत बुडालेली होती. ती बरं म्हणाली.

कार्यक्रम कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये ठेवला होता. येसूआत्याचा सत्कार करायचा असं ठरलं आणि तिला आणायला गाडी गेली. आत्या पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसून आली. हिरवळीवर मांडव, बाजूला जेवणाच्या टेबलांची रांग. कंपनीची माणसं एकसारख्या टी-शर्टांत. त्यांनी आत्याला शाल दिली, नारळ दिला, तिच्या दोन्ही बाजूंना उभं राहून फोटो काढले. एक बाई तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "सो क्यूट." आत्या उज्वलाकडं बघून हसली. तिला पहिल्या रांगेत बसवलं.

मग पडदा उजळला आणि उज्वलानं बदललेली 'विहीर' पहिल्यांदा पाहिली.

खेळाडू आता खाली उभा नव्हता. तो विहिरीच्या काठावर होता, हातात पोहरा. खाली एक बाई आणि एक पोर मान वर करून उभ्या. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: करुणा. पाणी ओतलं की पट्टी भरायची.

पहिल्या दोघातिघांनी पटापट पाणी ओतलं, गुण मिळवले, टाळ्या घेतल्या. मग एक आडव्या बांध्याचे अधिकारी आले. नुकतेच जेवून आले होते, बोटांना तेल तसंच होतं. रिझवाननं त्यांच्या डोक्याला हेडसेट बांधला. त्यांनी पोहरा उचलला आणि मांडवात येसूआत्याचा आवाज घुमला. "माय, पानी घाला ना. कवाची उभी हाय."

अधिकारी थांबले. बहुधा बटण सापडत नव्हतं. तेवढ्यात आवाज परत आला. तेच शब्द, पण जरा जास्त रडवे. पट्टीच्या टोकाला लाल आकडा वाढला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, थांबलं की जास्त पॉइंट आहेत."

ते खरं होतं. खेळाडू जितका उशीर करेल तितकं नंतरच्या पाण्याला मोल जास्त, अशी रचना केली होती. जगदीश सर माइकवरून समजावत होते, "कठोरतेपासून करुणेपर्यंतचा भावनिक प्रवास जितका लांबचा, तितके गुण अधिक."

अधिकाऱ्यांनी पोहरा पुढं केला आणि मागं घेतला. खालची बाई गयावया करू लागली. त्यांनी परत पुढं केला, परत मागं घेतला. लोक हसू लागले. "अजून एकदा, सर." "रडव अजून." आत्याचा आवाज आता हुंदके देत होता. असे हुंदके आत्यानं रेकॉर्डिंगमध्ये दिले नव्हते. शेजारच्या माणसाच्या ताटलीत अर्धवट खाल्लेलं पनीर होतं, मेयोनीजमध्ये बुडालेलं. तो हसताना ती ताटली हलत होती. त्या पांढऱ्या लिबलिबीत लगद्यावरून तिला नजर काढता येईना.

अखेर अधिकाऱ्यांनी पाणी ओतलं. पट्टी पूर्ण भरली, पडद्यावर फुलं उधळली. आणि आत्याचा आवाज म्हणाला, "देवा, तुमीच माझे देव हाय. तुमचे उपकार कसे फेडू?"

मांडव टाळ्यांनी भरला.

उज्वलानं आत्याकडं पाहिलं. आत्या टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघत नव्हती. तिची नजर पडद्यावरच्या त्या बाईवर होती. मांडीवरची शाल घसरून खाली पडली तरी तिनं उचलली नाही.

उज्वला उठून पुढं गेली आणि अधिकाऱ्यांच्या डोक्याचा पट्टा सोडू लागली. स्पंज घामानं ओलागच्च होता. तिच्या बोटांना तो लागला आणि तिला शहारा आला. अधिकारी डोळे मिचकावत म्हणाले, "किती झाले माझे? हायेस्ट ना?"

तिनं हेडसेट टेबलावर ठेवला. जगदीश सरांना म्हणाली, "हे बंद करा."

सरांनी माइक हातानं झाकला. "सगळ्यांसमोर नको, उज्वला." मग हात काढून हसत म्हणाले, "चला, चहाची वेळ झाली."

रिझवानच्या गाडीतून ते आत्याला घेऊन निघाले. रिसॉर्टचं फाटक मागं पडलं. कोंडाण्याच्या रस्त्याला लागल्यावर आत्यानं विचारलं, "त्या बाईनं देवा का म्हनलं?"

"कुठल्या बाईनं?"

"त्याच. माझ्या आवाजातल्या."

उज्वलानं रिझवानकडं पाहिलं. त्यानं गाडी हळू केली.

"आजी, ते मशीन बोललं," तो म्हणाला. "तुमचं बोलणं मशीनला ऐकवलं की ते तुमचा आवाज शिकतं. मग आपण लिहून देऊ ते तुमच्या आवाजात म्हणतं."

"कायबी?"

"काहीही."

"तू लिवलंस?"

"नाही. पण मशीनला ऐकवलं मी. सर म्हणाले, मॅडमना माहीत आहे." तो उज्वलाकडं न बघताच म्हणाला, "मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

आत्या आपले तळहात बघू लागली. मग म्हणाली, "माझ्या बानं देव ओढ्यात सोडले तवा मी संगती व्हते. फळीवरचं कुंकू हाताला लागलं व्हतं, ते बी त्यानं मातीनं घासून काढलं माझ्या हाताचं. तवापासून या तोंडातून तो शब्द नाय गेला. बाळंतपनात जीव चालला व्हता तवा पन नाय." तिनं तळहात लुगड्याला पुसले. "आनि आज एका जेवून आलेल्या बाप्याला देवा म्हनले मी. सगळ्यांसमोर."

"तू नाही म्हणालीस, आत्या."

"आवाज माझाच व्हता ना गं. तुला तरी फरक कळला का?"

उज्वलाला कळला नव्हता. 

"तू म्हनली व्हतीस ना, काढून टाकीन. मंग काढ," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. ते संत्रं सोलत होते. तिच्यापुढं एक फोड धरली, तिनं घेतली नाही.

"काल तू जरा भावनिक झालीस," ते म्हणाले. "साहजिक आहे, घरातलंच माणूस. पण बघ, लोक हसले म्हणजे गुंतले. गुंतले म्हणजे शिकले. जवळजवळ सगळ्यांनी अभिप्रायात लिहिलंय की डोळे उघडले."

"ते हुंदके आणि ते देवा कुणी लिहिलं, सर?"

"मशीननंच. त्याला सांगितलं, ग्रामीण वृद्ध स्त्री, कृतज्ञ. खेड्यातल्या बाया म्हणतातच की तसं."

"ती बौद्ध आहे."

"अगं, पण खेळाडूला ते कुठं माहीत असतं?"

हे ते इतक्या सहज म्हणाले की उज्वलाला आधी राग यायच्याऐवजी किळस आली. संत्र्याचा एक पांढरा धागा त्यांच्या खालच्या ओठाला चिकटला होता आणि ते बोलताना हलत होता. या माणसाच्या पायाशी बसून आपण संशोधनातली नीती शिकलो, हे तिच्या मनात आलं. सहभागी माणसानं कधीही नाही म्हटलं तरी ऐकायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"आत्या नाही म्हणते," ती म्हणाली. "तिचा आवाज काढा. सगळीकडून."

"कंपनीला प्रत गेली, आता कसं काढणार? मी स्वतः भेटेन त्यांना. आणि हे बघ, तुझं पद समितीपुढं आहे. हे थोडे दिवस शांतपणे जाऊ दे. पुढं तुला हवी तशी 'विहीर' कर." त्यांनी आणखी एक फोड तोंडात टाकली. "आत्यांची शाल राहिली तिथंच. पाठवून देतो."

उज्वला बाहेर आली आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. कितीदा साबण लावला तिचं तिलाच कळलं नाही.

त्याच दुपारी तिनं परिषदेला कळवलं की सहभागी व्यक्तीनं संमती मागं घेतली आहे, सबब निबंध मागं घेत आहे. पहिली लेखिका ती होती, त्यामुळं ते तिच्या हातात होतं. कित्येक वर्षांचं काम त्या निबंधात होतं. पण पाठवताना तिला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही. चपलेला लागलेलं काहीतरी दगडावर घासून काढावं, तेवढंच वाटलं.

रिझवाननं प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांवरून आवाज पुसला. सरांना न विचारता. "कंपनीची प्रत माझ्या हातात नाही, मॅडम," तो म्हणाला आणि एक नंबर दिला. त्याची चुलत बहीण अल्मास कर्जतच्या कोर्टात वकिली करत होती.

अल्मासकडं जायच्या आधी उज्वला कोंडाण्याला गेली. आत्या ओटीवर वाल सोलत होती. उज्वलानं काय काय झालं ते सांगितलं. इथला आवाज पुसला, निबंध काढला, कंपनीकडं मात्र अजून आहे.

आत्याचे हात थांबले.

"म्हंजी मी तिकडं अजून पानी मागतेय?"

"हो."

"रोज?"

"जेव्हा जेव्हा कुणी खेळेल तेव्हा."

आत्यानं वालाची टोपली बाजूला सारली. "मंग चल त्या वकिलीनबाईकडं. मला पन ने."

अल्मासनं आत्याला खुर्ची दिली आणि उज्वलाला न विचारता सगळं आत्यालाच विचारलं. आत्यानं सगळं सांगितलं, फक्त ते वाक्य म्हणून दाखवलं नाही. "ते मॅडम लिहून देतील, आजी, तुम्ही नका म्हणू," अल्मास म्हणाली. नोटीस गेली. काही दिवसांनी उज्वला आत्याकडं असताना कंपनीतून एका माणसाचा फोन आला. उज्वलानं स्पीकर लावला. तो फार गोड मराठीत बोलत होता. आजींच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी, आजी आम्हाला आईसारख्या.

"बाबा," आत्या म्हणाली, "आई म्हननारा आईला भीक मागायला लावतो व्हय? आधी ते बंद कर. मंग बोल." आणि तिनं फोन उज्वलाच्या हातात दिला.

कंपनीचं उत्तर आलं की आवाज नष्ट केला आहे. खेळ मात्र बंद झाला नाही. आता त्यात मुंबईच्या एका नटीचा आवाज होता. पोहरा तसाच पुढं-मागं होत होता, पट्टी तशीच भरत होती. जगदीश सरांनी त्यावर नवा निबंध लिहिला आणि त्याला पुरस्कारही मिळाला. उज्वलाच्या पदाचा विषय समितीनं पुढं ढकलला आणि उन्हाळ्यात तिचा करार वाढवला नाही. फाटकावरचा तिच्या फोटोचा फलक काढून तिथं प्रवेशाची जाहिरात लागली. तिला नेरळकडच्या एका तंत्रनिकेतनात नोकरी मिळाली. पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रोग्रामिंग शिकवायचं. तिथं हेडसेट नव्हते आणि तिला त्यांची आठवणही नको होती. करुणा हा शब्द कुठं दिसला की ती पान उलटायची. हा शब्द तिनं लहानपणापासून विहारात ऐकला होता. तो तिच्यापुरता त्यांनी नासवला, याचं तिला नोकरीपेक्षा जास्त वाईट वाटे.

एका रविवारी ती आत्याला भेटायला कोंडाण्याला गेली, तेव्हा आत्या विहारात निघाली होती. दोघी बरोबर गेल्या. वंदना झाली, लोक उठायला लागले, तोच आत्या भिंतीला धरून उभी राहिली.

"बसा जरा," ती म्हणाली. "मला बोलायचं हाय."

लोक बसले. ती कधी विहारात बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"शहरातल्या लोकांनी माझा आवाज घेतला. मशीनीत घातला. आता म्हनतात पुसला. उज्वलीला विचारलं, तुला पटतं का, ती म्हनली नाय. मला पन नाय पटत. म्हनून सांगून ठेवते. मी मेल्यावर पन, कुटं मोबाईलात, टीवीत माझा आवाज आयकू आला आनि तो रडत असला, कुनाला देवा म्हनत असला, तर ती मी नव्हं. पोरांना सांगा. त्यांच्या पोरांना सांगायला सांगा. येसूबाई तसं बोलत नव्हती."

ती खाली बसली. मग मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आनि आमचा आवाज पन घेतील का गं, उज्वला?"

उज्वला उठली. पुढं येऊन सतरंजीवर त्यांच्या समोर बसली, आणि ते कसं घेतात, फोनवर कोण काय विचारेल, कशाला नाही म्हणायचं, हे ती सोप्या शब्दांत सांगू लागली.